115 आणि 90: आउटबोर्डचं कॉम्प्रेशन नीट मोजा, मग सौदा करा

जुनं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे लावायचं इंजिन घेताय, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, वरच्या सिलिंडरला 115 आणि खालच्याला 90 पीएसआय भरलं, आणि विकणारा म्हणतो जुन्या मशीनला एवढं चालतं. नाही चालत. आकडा किती यापेक्षा दोन सिलिंडरमध्ये फरक किती, हे आधी बघायचं. मोठ्या आकड्याच्या दहा टक्क्यांत फरक असला तर ठीक. तुमचा वीस टक्क्यांच्या वर गेलाय. पण घाईत घेतलेलं रीडिंग हमखास फसवतं, म्हणून स्वतः परत मोजा.

आधी मशीन गरम करा. लेग, म्हणजे मशीनचा पाण्यात राहणारा खालचा भाग, पिंपात बुडवा, पाणी पंपाच्या वर यायला हवं, आणि पाच-दहा मिनिटं चालवा. कोरडं चालवलं तर इम्पेलरचं, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकाचं, रबर बघता बघता जळतं. बंद केल्यावर पेट्रोलची नळी आणि किल स्विचची क्लिप काढा, प्लगभोवतीची वाळू-मीठ फुंकून टाका आणि दोन्ही प्लग काढा. एकच काढला तर दुसऱ्या सिलिंडरच्या दाबामुळे मशीन हळू फिरतं आणि आकडा कमी येतो. प्लगच्या वायरी ब्लॉकला अर्थ करा. भोकातून पेट्रोलची वाफ उडते, एक ठिणगी पुरते. शिवाय मोकळ्या वायरीने सीडीआय, म्हणजे ठिणगी देणारं इलेक्ट्रॉनिक युनिट, जाऊ शकतं.

गेज आट्याचंच घ्या, बहुतेक ठिकाणी 14 मिमी लागतं. रबरी टोक हाताने दाबून धरायचं गेज गळतं. आता थ्रॉटल पूर्ण उघडा. सगळ्यात जास्त वेळा हीच पायरी राहते, आणि मग हवाच आत जात नाही. न्यूट्रलमध्ये मूठ पूर्ण फिरत नसेल तर कार्बोरेटरचा फ्लॅप बोटाने उघडा धरा. काटा चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढा, साधारण पाच-सहा वेळा, आणि दोन्ही सिलिंडरला तेवढ्याच वेळा, तेवढ्याच जोराने. सेल्फ असेल तर बॅटरी फुल चार्ज हवी.

दोन्ही आकडे सारखेच पण कमी आले तर आधी गेजवर आणि थ्रॉटलवर संशय घ्या. रॉकेलवर चालणाऱ्या मशीनचं कॉम्प्रेशन मुळातच कमी ठेवलेलं असतं, त्याची पेट्रोलच्या मशीनशी तुलना करू नका.

एकच कमी आला तर भोकातून चमचाभर, म्हणजे 5 मिली, टू-टी ऑइल सोडून परत मोजतात. आकडा चढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा किंवा बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीचा, नाही चढला तर हेड गॅस्केट किंवा भोक पडलेला पिस्टन. पण आउटबोर्डचा सिलिंडर आडवा असतो. ऑइल खालच्या बाजूला साचतं, रिंगेला सगळीकडून लागत नाही, आणि जास्त ओतलं तर जागा भरून आकडा खोटाच वाढतो. या चाचणीवर एकट्याने विसंबू नका, प्लगही बघा. एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ किंवा गंजलेला असेल तर गॅस्केटमधून पाणी येतंय. त्यावर ॲल्युमिनियमचे चमकते कण दिसले तर पिस्टन वितळायला लागलाय.

मशीन 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारी बंदीत नुसतं पडून असेल तर रिंगा कार्बनने खाचेत चिकटलेल्या असू शकतात. प्लगच्या भोकातून कार्बन क्लीनर मारून रात्रभर ठेवा, मग पिंपात चालवून पुन्हा मोजा. अशा वेळी आकडा बराच परत येतो.

90 तसाच राहिला तर हेड आणि एक्झॉस्टचं कव्हर उघडून पोर्टमधून, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या धूर जायच्या भोकातून, पिस्टन बघायलाच हवा. ओरखडे दिसले तर कारण शोधा: त्या सिलिंडरचा कार्बोरेटर जेट तुंबलाय का, क्रँकचं खालचं सील हवा ओढतंय का. सीलचा हा दोष कॉम्प्रेशन गेजवर कधीच दिसत नाही, आणि तो तसाच ठेवून नवा पिस्टन टाकला तर तोही जाईल. बोअर, पिस्टन, रिंगा, गॅस्केट आणि सील, सगळ्यांचा खर्च किमतीतून वजा करून बोला. विकणारा हेड उघडू देत नसेल तर ते मशीन घेऊ नका.