फोनवर आधी नाव कोणी सांगायचे?

प्रश्न : ‘मार्गारेट हॅलो’ हे ग्रॅहम बेल यांच्या प्रेयसीचे नाव होते आणि तिच्या आठवणीखातर आपण फोन उचलल्यावर ‘हॅलो’ म्हणतो, असा संदेश आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वारंवार येतो. यात तथ्य आहे का?
— एक वाचिका, सातारा

उत्तर : अजिबात नाही. बेल यांचा विवाह ११ जुलै १८७७ रोजी मेबल हबर्ड यांच्याशी झाला. लहानपणी आलेल्या लोहितांग ज्वरामुळे मेबल यांची ऐकण्याची शक्ती कायमची गेली होती, त्यामुळे पतीने शोधलेल्या यंत्रातून त्याचा आवाज ऐकणे त्यांना कधीच शक्य नव्हते. माझ्या मते ही खरी हकीकत त्या बनावट कथेपेक्षा कितीतरी अधिक हृद्य आहे आणि ग्रुपवर पाठवायचीच असेल तर हीच पाठवावी. बेल स्वतः फोनवर ‘अहॉय’ हा खलाशांचा पुकारा वापरत. ‘हॅलो’चा आग्रह धरला तो थॉमस एडिसन यांनी. १५ ऑगस्ट १८७७ रोजी पिट्सबर्गच्या एका तारकंपनीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी म्हटले, की ‘हॅलो’ हा शब्द दहा-वीस फुटांवरूनही ऐकू येतो, तेव्हा माणसाला बोलावण्यासाठी वेगळ्या घंटेची गरज नाही. त्या काळी दोन टोकांमधली तार सतत जोडलेलीच असे, हे लक्षात घेतले म्हणजे या युक्तिवादाचा अर्थ लागतो.

प्रश्न : माझा मुलगा जर्मनीत शिकतो. त्याचा मोबाइल लागेना म्हणून मी त्याच्या घरमालकीणबाईंच्या घरी फोन केला. त्यांनी फोन उचलून नुसते आडनाव उच्चारले. मी इंग्रजीत ‘कोण बोलतंय?’ असे विचारले, तर त्यांनी काहीशा त्रासिक आवाजात पुन्हा तेच आडनाव सांगितले. माझे काही चुकले का?
— एक आई, सांगली

उत्तर : तुमच्या मनात काही वावगे नव्हते आणि त्यांच्याही नव्हते. जर्मनीत घरचा फोन उचलणाऱ्याने प्रथम आपले आडनाव सांगावे, अशी जुनी रीत आहे. नेदरलँड्समध्येही फोन उचलणारा आपले नाव सांगूनच बोलू लागतो. तो तुटकपणा नसून ‘आपण योग्य घरी फोन केला आहे’ ही फोन करणाऱ्याला दिलेली खात्री असते. त्यानंतर त्याच क्षणी आपले नाव सांगण्याची जबाबदारी फोन करणाऱ्यावर येते. ती पार न पाडता तुम्ही उलट त्यांचेच नाव विचारलेत, तेही त्यांनी ते नुकतेच सांगितलेले असताना. पुढच्या वेळी नमस्कार करून लगेच ‘मी अमुकची आई, भारतातून बोलते आहे’ असे म्हणा आणि मगच मुलाची चौकशी करा. मोबाइल आल्यापासून जर्मनीतली तरुण मंडळीही नुसते ‘हालो’ म्हणू लागली आहेत, पण वडीलधाऱ्यांच्या घरी जुनीच रीत गृहीत धरलेली बरी.

सर्वत्र असे नसते. इटलीत फोन उचलणारा ‘प्रोंतो’ म्हणजे ‘तयार आहे’ एवढेच म्हणतो, स्पेनमध्ये ‘दीगामे’ म्हणजे ‘सांगा मला’ आणि रशियात ‘स्लूशायू’ म्हणजे ‘ऐकतो आहे’. यांपैकी कोणीही स्वतःचे नाव सांगत नाही. कान पुढे करतो आणि बोलण्याची पाळी फोन करणाऱ्याकडे देतो. इंग्लंडमध्ये पूर्वी फोन उचलणारा आपला नंबरच म्हणून दाखवी, म्हणजे तबकडी फिरवताना चूक झाली असेल तर पलीकडच्याला ती तत्काळ कळे आणि कोणाचेही नाव उघड होत नसे.

वेळेचे भान मात्र नावापेक्षाही महत्त्वाचे आहे. उन्हाळ्यात जर्मनीचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेचार तास, म्हणजे देवपूजा आटोपून तुम्ही सकाळी आठ वाजता फोन लावलात तर तिकडे पहाट असते. रात्री दहानंतरची शांतता तिथे काटेकोरपणे पाळली जाते. तुमच्या दुपारी दीड-दोननंतरची वेळ दोघींनाही सोयीची ठरेल.

प्रश्न : चाकणजवळच्या एका जपानी कंपनीत मला नोकरी लागली आहे. जपानमधल्या मुख्य कार्यालयाशी आणि ग्राहकांशी फोनवर बोलावे लागेल. भाषा जेमतेम येते. फोनवर ‘मोशी मोशी’ म्हणायचे एवढेच मला माहीत आहे. आणखी काय सांभाळावे?
— एक अभियंता, पिंपरी-चिंचवड

उत्तर : पहिली गोष्ट म्हणजे कार्यालयाचा फोन उचलताना ‘मोशी मोशी’ म्हणू नका. ते घरच्या माणसांशी आणि मित्रांशी बोलताना शोभते, व्यवसायात ते पोरकट वाटते. कार्यालयात फोन उचलणारा प्रथम कंपनीचे नाव सांगतो, बहुधा विभागाचे नाव आणि आपले आडनावही जोडतो. तीन घंटांच्या आत फोन उचलावा असा संकेत आहे. उशीर झालाच तर आधी ‘आपल्याला ताटकळत ठेवले’ असे म्हणून क्षमा मागायची. त्यानंतर ‘आपले आमच्यावर नेहमीच उपकार असतात’ अशा अर्थाचे एक ठरावीक वाक्य येते आणि ज्याच्याशी जन्मात पहिल्यांदा बोलतो आहोत त्यालाही ते म्हणायचे असते. आपल्याकडच्या ‘कृपा असू द्या’सारखेच ते आहे, म्हणून अवघडून जाऊ नका.

मराठी माणसाला सर्वांत कठीण जाणारी गोष्ट आदरार्थी प्रयोगाची आहे. ‘साहेब बाहेर गेले आहेत’ असे आपण कोणालाही सांगतो आणि साहेबांचा उल्लेख एकेरी करणे आपल्याला उद्धटपणाचे वाटते. जपानमध्ये बाहेरच्या माणसाशी बोलताना स्वतःच्या कंपनीतला प्रत्येक जण, अगदी अध्यक्षसुद्धा, ‘आपल्या बाजूचा’ म्हणून धाकटा धरला जातो. त्यामुळे तुमच्या विभागप्रमुखांना तुम्ही एरवी ‘तानाका-सान’ म्हणत असलात, तरी ग्राहकाला ‘तानाका जागेवर नाहीत’ असेच सांगायचे, तेही ‘सान’ न लावता आणि क्रियापद विनयाचे ठेवून. ते कुठे गेले आहेत, कोणाला भेटत आहेत, हा तपशील द्यायचा नसतो.

आवाज नीट येत नसेल तेव्हाची रीत मला विशेष आवडते. आपण सरळ ‘मोठ्याने बोला’ म्हणतो. जपानी माणूस मात्र ‘फोन जरा लांबचा वाटतो आहे’ अशा अर्थाचे वाक्य वापरतो, म्हणजे दोष यंत्राकडे जातो आणि बोलणाऱ्याच्या आवाजाला बोल लागत नाही. हे एक वाक्य पाठच करून ठेवा, कारण भाषा जेमतेम येणाऱ्याला ते दिवसातून अनेकदा उपयोगी पडते. निरोप लिहून घेतल्यावर नाव, नंबर आणि वेळ पुन्हा म्हणून दाखवा. तो अविश्वास समजला जात नाही, उलट अपेक्षितच असतो.

फोन ठेवताना सहसा ज्याने केला त्याने आधी ठेवावा, पण समोर ग्राहक असेल तर फोन तुम्ही केलेला असला तरी त्याने ठेवेपर्यंत थांबावे. रिसीव्हर आदळू नये म्हणून खटका बोटाने हलकेच दाबून मग तो खाली ठेवण्याची पद्धत आहे. बोलता बोलता कोणी न दिसणाऱ्या माणसाला वाकून नमस्कार करताना दिसले तर आश्चर्य वाटू देऊ नका, कारण शरीर वाकले की आवाजही नमतो, असे तिथे मानतात आणि ते मला पटते.

प्रश्न : अनोळखी नंबरवरून फोन येतो आणि पलीकडची व्यक्ती मलाच ‘कोण बोलतंय?’ असे दरडावून विचारते. नातेवाईक तर ‘ओळखा पाहू’ म्हणून खेळवत ठेवतात. याला काही शिष्टाचार आहे की नाही?
— एक ज्येष्ठ वाचक, नागपूर

उत्तर : आहे आणि तो आपल्याकडे पूर्वी नीट पाळलाही जात होता. घरोघरी फोन नव्हते तेव्हा शेजाऱ्यांचा नंबर ‘पी. पी.’ म्हणून लग्नपत्रिकेतसुद्धा छापत असत. तिथे फोन करणारा आधी ‘मी पुण्याहून अमुक बोलतोय’ असे सांगे, शेजारच्यांना बोलावण्याची विनंती करी आणि ‘दहा मिनिटांनी पुन्हा करतो’ म्हणून फोन ठेवी. फोन दुसऱ्याच्या घरचा असल्याने स्वतःची ओळख न देणे कोणाला सुचतच नसे. मोबाइल खिशात आला आणि नंबरावरून नाव दिसू लागले, तशी ही सवय सुटली. महाराष्ट्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना फोनवर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास सांगितले, त्याची तेव्हा बरीच चर्चा झाली. सुरुवातीचा शब्द कोणताही असो, त्यापाठोपाठ कार्यालयाचे आणि बोलणाऱ्याचे नाव आले पाहिजे, असा माझा आग्रह आहे, कारण नागरिकाला त्याचीच गरज असते.

तुमच्यापुरते सांगायचे तर ज्याने फोन केला त्याने आधी नाव सांगावे, हाच नियम धरा. फसवणुकीच्या फोनांचे दिवस असल्याने अनोळखी माणसाला स्वतःहून नाव सांगू नका. शांतपणे ‘आपल्याला कोण हवे आहे?’ एवढेच विचारा आणि उत्तर मिळाले नाही तर खुशाल फोन ठेवा. ‘ओळखा पाहू’ म्हणणाऱ्या भाच्याला मात्र एकदा स्पष्ट सांगा, की वयोमानाने आवाज ओळखू येत नाहीत, आधी नाव सांग आणि मग गप्पा मार.