मागच्या कामातून शिकायचं कसं?

प्रश्न : आमच्या गावच्या समितीने तीन सिमेंट नालाबांध केले. दोन रखडले, एकाची कड पहिल्याच पुरात वाहून गेली. चौथ्याआधी आढावा कसा घ्यावा? (अंबाजोगाई तालुका)

उत्तर : आढावा बांधावरच उभं राहून घ्या, मिस्त्री, ट्रॅक्टरवाला, हिशेब ठेवणारा, सगळे हवेत. हातात अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका. प्रत्येक बाबीपुढे ठरलेलं, झालेलं, फरक आणि फरकाचं कारण लिहा. ‘कोणी केलं?’ हा प्रश्न आधी विचारलात तर सगळे गप्प बसतील, म्हणून ‘काय झालं?’ इथूनच सुरुवात करा.

‘पूर मोठा होता’ हे कारण म्हणून लिहू नका, पूर येणारच. कड बहुधा पंखभिंत, म्हणजे बांधाच्या टोकाची काठात शिरणारी भिंत, पुरेशी आत न नेल्याने जाते. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाणी भिंतीला वळसा घालून माती पोखरतं. भिंत काठाच्या घट्ट थरात रुतवा. मागे काळी माती नको. मुरूम 15-20 सेंटीमीटरच्या थरांत, पाणी मारून धुमसानं ठोका.

काम रखडण्याचं मूळ बहुतेकदा बांधकामाला पाणी न मिळण्यात असतं. एप्रिल-मेच्या उन्हात काँक्रीटला किमान 10 दिवस, जमल्यास 14 दिवस सतत ओल हवी. टँकर ठरल्याशिवाय ओतकाम नकोच.

आणि हे सगळं इतिवृत्तात पुरून ठेवू नका. मुरूम, टँकर अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब म्हणून घाला, पंखभिंतीची खोली कार्यादेशात लिहा. ती मोजून सही झाल्यावरच पुढचा हप्ता द्या.