आधी फ्लोअर टॉम ठरव, मग वरचे

भाऊ, तुझा प्रश्न दोनदा वाचला. मनीषनगरला तिसऱ्या मजल्यावर राहतोस, कॉलेजच्या बँडमध्ये वाजवतोस आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रासोबत लॉनवर जातोस. आजवर दुसऱ्यांच्या ड्रमसेटवर हात चालवला, आता स्वतःचा घ्यायचाय. सीताबर्डीच्या दुकानात दोन सेट पाहिलेस. एकाचे टॉम, म्हणजे वेगवेगळ्या सुरांत लावायचे ड्रम, 10, 12, 14 इंची व्यासाचे, दुसऱ्याचे 12, 13, 16. त्यातला सगळ्यात मोठा जमिनीवर उभा असतो तो फ्लोअर टॉम, बाकीचे वर बसवतात. दोन्हींचा बेस ड्रम, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, 22, किमतीतही फारसा फरक नाही. दुकानदार म्हणतो मोठे घे, आवाज मोठा येतो. मित्र म्हणतो छोटे घे, आता सगळे तेच घेतात.

या दोन्ही कारणांनी सेट घेऊ नकोस. टॉमची साइज आवाजाच्या मोठेपणापेक्षा सुरासाठी असते. तबलजीला विचारून बघ. टिपेच्या सुराला तो पाच-सव्वापाच इंची तबला काढतो, ढाल्या सुराला सहा इंची. सहा इंची तबला कोणी टिपेला चढवत बसत नाही, कारण पुडी फाटेल किंवा आवाज आवळून मरेल. टॉमचंही तसंच आहे. प्रत्येक साइजला तीन-चार स्वरांचा पट्टा असा असतो की त्यात तो मोकळा बोलतो. त्याखाली गेलास की पान (टॉमवर ताणलेला पातळ पडदा) फडफडतं, वर गेलास की टॉम डब्यासारखा वाजतो.

आता दोन टॉममधलं अंतर बघ. सारख्या जाडीचं पान सारख्याच ताणावर लावलं, तर सूर व्यासाच्या उलट प्रमाणात बदलतो. म्हणजे 16 इंचीचा सूर सा धरला, तर 12 इंची शुद्ध मध्यमावर येतो. 12 ला सा धरलं तर 10 कोमल गंधाराच्या आसपास. 14 वरून 12 ला गेलास तर शुद्ध रिषभ आणि कोमल गंधार यांच्या मध्ये कुठेतरी. आणि 13 वरून 12? कोमल रिषभाच्या जरासा वर, बस. हे गणित नुसत्या पानाचं आहे. खऱ्या ड्रममध्ये आतली हवा आणि खालचं पान त्यात बदल करतातच, पण कानाला जे जाणवतं त्याची दिशा हीच.

12 आणि 13 ची जोडी मी सहा वर्षं वापरली आहे, म्हणून हे पोटतिडकीने सांगतोय. माझा पहिला सेट 12, 13, 16 होता. फ्लोअर टॉम छान बोलायचा, वरचे दोन मात्र भावंडांसारखे एकाच आवाजात. फिल (ठेक्यामधली भरणीची फिरत) वाजवला की डावीकडून उजवीकडे हात फिरायचा, पण ऐकणाऱ्याला दोनच आवाज कळायचे. वेगळे करायला 12 ताणला तर तो कोरडा झाला, 13 उतरवला तर फ्लोअर टॉमच्या अंगावर आला. एका दुपारी आईची पेटी काढून बसलो आणि प्रत्येक टॉमचा सूर पेटीवर शोधला. तेव्हा डोक्यात लख्ख झालं की चूक माझ्या ट्युनिंगची नव्हतीच, दोन साइज इतक्या जवळ आहेत की त्यांना सुखाने वेगळं राहायला जागाच नाही. त्या दिवशी 13 काढून माळ्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी बँडवाले विचारायला लागले, नवीन सेट घेतला का?

काही जण 12-13 ची जोडी सुंदर लावतात, हे मी नाकारत नाही. 13 बाय 9 आणि 16 बाय 16 ही मापं तर 1930च्या दशकात जॅझ ड्रमर जीन क्रुपा आणि ड्रम बनवणाऱ्या स्लिंगरलँड कंपनीमुळेच रूढ झाली. त्याआधीच्या कितीतरी टॉमचं पान खिळ्यांनी ठोकलेलं असायचं, सूर बदलायची सोयच नसे. पण क्रुपाकडे वर एकच टॉम होता. बीटल्सच्या रिंगो स्टारच्या 1963च्या लुडविग सेटवरही वर एक 12 आणि खाली एक 14. लेड झेपेलिनच्या जॉन बॉनमकडे वर एक 14, खाली 16 आणि 18. इतकं वाजवणाऱ्यांनी वर एकाच टॉमवर काम भागवलं, ही गोष्ट लक्षात ठेव.

म्हणून माझा क्रम असा. आधी फ्लोअर टॉम ठरवायचा, कारण तो कुठे वाजणार ते जागा ठरवते. मग त्याच्यापासून नीट अंतर ठेवून वरचा. तिसरा टॉम पैसे आणि गरज दोन्ही असतील तेव्हा.

तुझी जागा लॉन आहे. वर्धा रोडच्या बाजूच्या एका लॉनवर मी एकदा उसना 10-12-14 घेऊन गेलो होतो. घरी तालमीत 14 असा घुमायचा की वाटलं 16 ची गरजच काय. लॉनवर भिंत नाही, छत नाही, खालचे सूर परत आणून देणारं काहीच नाही. साउंडवाल्याने माइक दिले ते बेस ड्रम आणि स्नेअरला (खाली तारा लावलेला, मांड्यांमधला ड्रम), टॉमच्या वर एकही नाही. 10 इंची लांबपर्यंत टणटणत गेला, पण शेवटच्या गाण्याचा सगळा भार ज्याच्यावर होता तो 14 पहिल्या रांगेच्या पुढे पोहोचलाच नाही. शेजारच्या रस्त्यावरून धुमाल (मिरवणुकीतलं ढोल-ताशांचं पथक) गेली तेव्हा तर मलाही तो ऐकू येईना. आपल्या नागपुरात उघड्यावरच्या कामात हे नेहमीचं आहे, म्हणून लॉनवर जाणाऱ्याने 16 घ्यावा असं माझं पक्कं मत आहे. बंद सभागृहात, समजा सिव्हिल लाइन्सच्या देशपांडे सभागृहात, प्रत्येक टॉमला माइक मिळत असेल, तर 14 पुरतो आणि जास्त स्वच्छही वाटतो. फक्त रेकॉर्डिंग आणि हॉलचीच कामं करणार असतास तर मी डोळे मिटून 10-12-14 सांगितला असता.

घरचा प्रश्न साइजने सुटणार नाही. तिसऱ्या मजल्यावर 14 काय आणि 16 काय, खालच्यांना दोन्ही ऐकू येणार. सरावासाठी कमी आवाजाची जाळीची पानं मिळतात, ती लाव. 12 आणि 16 ची सहज मिळतात. कामाच्या आदल्या दिवशी खरी पानं चढवून सूर लावायची सवय लागली, तर कानही लवकर तयार होतो.

तू उंची पाच फूट चार लिहिलीस ते बरं केलंस, फार कमी लोक हे सांगतात. 22 च्या बेस ड्रमवर 10 इंच खोल टॉम बसवला आणि मधे दोन इंच फट ठेवली, तर वाजवायचं पान जमिनीपासून 34 इंचांवर जातं. मग तो आपल्याकडे तिरपा करावा लागतो, काठी पानात टोकाने घुसते आणि खळगे पडतात. खांदा दुखतो तो वेगळाच. 8 इंच खोल टॉम घेतलास तर दोन इंच वाचतात. त्याहून चांगला उपाय म्हणजे वर एकच 12 ठेवून तो स्नेअरच्या जास्तीच्या स्टँडवर बसव. हवा तितका खाली येतो, आणि बेस ड्रमला चिकटलेला नसल्याने जास्त वेळ गुंजतो. खोली कमी असली की ठोक्याला लगेच उत्तर मिळतं, जास्त असली की आवाजाला अंग येतं. तुला 12 बाय 8 किंवा 12 बाय 9. कॅटलॉग वाचताना एक सांभाळ, काही कंपन्या व्यास आधी लिहितात, काही खोली आधी. वरच्या टॉममध्ये मोठा आकडा व्यासाचा असतो.

पानांबद्दल. दुकानात सेटवर लावलेली पानं बहुतेक वेळा इतकी हलकी असतात की त्यावरून साइजचा निर्णय करूच नये. 16 ला वर दोन पदरी पान लाव, प्रत्येक पदर 7 मिलचा (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मिळतो, आणि खाली एक पदरी 10 मिलचं. 12 ला वर एक पदरीही चालेल, हात जड असेल तर दोन पदरी. आणि उन्हाचं बघ. मे महिन्यात टेम्पोत दुपारभर राहिलेला सेट संध्याकाळी उतरवला की प्लॅस्टिकचं पान सैल पडलेलं असतं. सावलीत अर्धा तास ठेव, मगच चावी (पानाचे स्क्रू फिरवायची) लाव. गरम असतानाच ताणलंस तर रात्री गार हवा सुटल्यावर सूर वर चढून बसतो.

आता थेट उत्तर. त्या दोन सेटमधलाच घ्यायचा तर 12-13-16 घे, 13 घरी ठेव आणि 12 व 16 वर सहा महिने वाजव. पण आधी दुकानदाराला विचार की 13 च्या जागी 10 देतो का, निदान पुढे त्याच रंगात मागवून देईल का. 10, 12, 16 हा माझा आजचा सेट आहे आणि लॉन, हॉल दोन्हीकडे मला तो पुरला आहे.

घेण्याआधी फोनमध्ये तानपुरा आणि खिशात चावी घेऊन जा. दुकानदाराची परवानगी घेऊन 16 चे वरचे सगळे स्क्रू सैल सोड, बोटांनी टेकवून घे, मग समोरासमोरचे घेत प्रत्येकाला अर्धा-अर्धा फेरा दे. प्रत्येक स्क्रूपासून इंचभर आत टिचकी मारून सूर एकसारखा कर. पान पहिल्यांदा मोकळं बोलेल तो त्याचा तळ, तिथे तानपुऱ्याचा सा लाव. मग 12 त्याच्या मध्यमावर आण. तिथे तो सहज बोलला तर सेट घे. ताणून ताणून आणावा लागला, किंवा एखाद्या स्क्रूपाशी सूर जुळतच नसेल, तर रिम (पान दाबून धरणारं कडं) वाकडी आहे का किंवा लाकडाची कड उडाली आहे का ते पान काढून बघ. रविवारी जाणार असशील तर कळव, मी सदरला राहतो, अकराच्या सुमारास येऊ शकेन.