तापीकाठच्या गावांचा इतिहास कुठे शोधायचा?

शहाद्याकडच्या तापीकाठच्या चार-पाच गावांचा इतिहास एकत्र लिहायचाय, सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते तहसीलच्या अभिलेख कक्षातून. तिथे कोतवाल बुक मागा, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, बरीचशी मोडी लिपीत. त्यात नाव, जात, तारीख, मरणाचं कारण असतं. एकाच पानावर ओळीनं 'पटकी' (म्हणजे कॉलरा) दिसली की साथीचं साल आपोआप हाती लागतं. मोडी वाचणारा मात्र आधी गाठा, नाहीतर चकरा फुकट.

जिल्ह्याच्या नावात गोंधळू नका. 1906 पर्यंत सगळा एकच खानदेश, मग पूर्व-पश्चिम. तुमची गावं पश्चिम खानदेशात, पुढे धुळ्यात आणि 1998 पासून नंदुरबारात. तेव्हा जुने कागद धुळ्यालाही शोधा. 1880चं खानदेश गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारनं काढलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ, वाचाच, पण तो साहेबाच्या नजरेतून लिहिलाय हे धरून.

तापीकाठच्याच प्रकाशा गावातल्या उत्खननात (1955) थेट ताम्रपाषाण काळापर्यंतचे, म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारं सोबत वापरायच्या काळापर्यंतचे थर लागले, त्यामुळे गावाचा इतिहास देवळापासून सुरू करायची घाई नको. आणि जुन्या माणसांना बोलतं करायचं तर सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा चुकवू नका.