इतिहासात पीएच.डी. करायचीय? आधी कागद शोधा, मग विषय ठरवा

प्रश्न : माझी मुलगी सोलापुरात बी.ए. इतिहासाच्या शेवटच्या वर्षाला आहे. ब्रिटिश राजवट आणि स्वातंत्र्यानंतरचं राजकारण यावर पीएच.डी. करायची म्हणते. घरी आम्ही तेलुगू बोलतो, तिचे वडील टॉवेल कारखान्यात आहेत. नातेवाईक म्हणतात, बी.एड. करून मोकळं करा. काय करावं? (एक आई, अशोक चौक)

उत्तर : ताई, मुलीला अडवू नका. बी.एड. पुढेही करता येईल. पण तिने सांगितलेला विषय फार पसरट आहे, आणि असे प्रबंध तिसऱ्या वर्षी हमखास अडकतात. जुन्या पुस्तकांतलीच माहिती पुन्हा लिहिली जाते आणि नवा कागद, म्हणजे त्या काळातला मूळ दस्तऐवज, एकही सापडलेला नसतो.

सोलापूरचाच प्रश्न घ्यावा. मे १९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले चार हुतात्मे यांवर बरंच लिहिलं गेलंय. त्या मानाने इथल्या सेटलमेंटकडे लक्ष कमी गेलंय. गुन्हेगार जमाती कायद्याखाली कैकाडी, पारधी अशा समाजांना तारेच्या कुंपणात ठेवलं जायचं आणि तिथली माणसं गिरण्यांत कामाला जायची. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, पण पाठोपाठ सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मग पोलिसांची पाळत थांबली की नाव बदलून चालूच राहिली? हा प्रश्न वसाहतकाळ आणि स्वतंत्र भारत दोन्ही जोडतो, शिवाय त्या वस्त्यांतली वयस्कर माणसं अजून बोलू शकतात. त्यांच्या मुलाखतींना उशीर करू नये, कागद जागेवरच राहतात.

कागद मुंबईत काळा घोड्याजवळच्या राज्य पुराभिलेखागारात मिळतील. राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ घरबसल्या चाळता येतं. तिथे शोधताना सोलापूरचं जुनं इंग्रजी स्पेलिंग, म्हणजे 'एसएच'ने सुरू होणारं, टाकावं. नाहीतर निम्मे कागद दिसतच नाहीत. फाईल हातात आली की पत्रव्यवहारावर थांबू नये, टिपणीची पानंही वाचावीत. कारकून काय सुचवतो, वरचा साहेब काय खोडतो, निर्णय कोणाच्या भीतीने झाला, हे तिथेच कळतं. फोटो काढायची परवानगी असेल तर पहिला फोटो मुखपृष्ठाचा: खातं, वर्ष, फाईल क्रमांक. तो राहिला की पुढच्या दोनशे पानांचा संदर्भ देता येत नाही आणि ती मेहनत वाया जाते. सरकारी कागद सरकारच्या नजरेने लिहिलेला असतो. त्यात 'दंगेखोर' म्हटलेला माणूस कोण, कुठल्या गिरणीतला, हे तिने वर्तमानपत्रं आणि मुलाखतींतून ताडून पाहावं.

विसाव्या शतकातले कागद बहुतेक इंग्रजी टाईपमध्ये असतात, त्यामुळे या विषयाला मोडीची फारशी गरज नाही. एकोणिसाव्या शतकातले महसुलाचे कागद वाचायचे असतील तर मात्र मोडी हवीच. तुमच्या घरची तेलुगू ही खरी जमेची बाजू आहे. इथल्या तेलुगू बोलणाऱ्या विणकरांवर काम करायचं ठरलं तर इतर संशोधकांना दुभाषा लागेल, तिला नाही.

आता पैशांचं. एम.ए.ला किमान ५५ टक्के हवेत (राखीव प्रवर्गाला सवलत आहे). एम.ए.च्या दुसऱ्या वर्षापासूनच नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा द्यावी: १५० प्रश्न, ३०० गुण, तीन तास. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर सध्या पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये मिळतात, नंतर ४२,०००. वयाची अट ३० आहे, मुलींना पाच वर्षांची सूट. जेआरएफ हुकली तर प्रवर्गानुसार बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिराती पाहत राहावं. पीएच.डी.ला किमान तीन वर्षं लागतात, चार-पाच धरून चाला.

नोकरीबद्दल स्पष्ट सांगते. कायम प्राध्यापकाची जागा निघायला वेळ लागतो आणि तोवर तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या हिशोबाने, शिकवावं लागतं. त्या मानधनावर घर चालत नाही. म्हणून फेलोशिप मिळण्याची ठोस शक्यता नसताना पीएच.डी.ला नाव नोंदवू नये. नेट किंवा सेट (राज्याची तशीच परीक्षा) झाली आणि फेलोशिप मिळालीच नाही, तर बी.एड.चा अर्ज तेव्हा भरावा. तोवर पुढच्या सुट्टीत तिला चार दिवस मुंबईला पाठवा, कॉलेजचं शिफारसपत्र आणि ओळखपत्र सोबत द्या.