वाळवंटातली भाजीपाला पद्धत आणि ठाण्याचा उन्हाळा: काय घ्यावे, काय सोडावे

मुरबाड-शहापूरचे शेतकरी, ऐरोली-घणसोलीत गच्चीवर भाजी लावणारे आणि दिव्याजवळ खाडीकाठी मळे करणारे यांचे प्रश्न वेगवेगळे आले, पण रोख एकच. राजस्थानात, इस्रायलमध्ये रणरणत्या उन्हात भाजी पिकते. मग आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये फुले का गळतात, पाने कडेने का करपतात, आणि तिकडची पद्धत इथे चालेल का?

पाणी, सावली आणि क्षार यांचा तिकडचा हिशेब जरूर उचला. हवा मात्र वेगळी आहे. वाळवंटात हवा कोरडी, म्हणून सूर्य मावळला की तापमान झपाट्याने उतरते. आपल्याकडे दमटपणामुळे मे महिन्यात खाडीपट्ट्यातली रात्रही २६-२७ अंशांखाली सहसा जात नाही. टोमॅटोला फळधारणेसाठी १५ ते २० अंशांची रात्र मानवते. २४ च्या वर परागकण निकामी होऊ लागतात. ही फुलगळ जास्त पाणी देऊन थांबत नाही. राजस्थानच्या थर वाळवंटातही टोमॅटो, कोबी हिवाळ्यातच घेतात. म्हणून टोमॅटोची तोडणी मार्चअखेर संपेल अशी लागवड करा. उन्हाळ्यासाठी भेंडी, गवार, चवळी, काकडी, शिराळे, कारले धरा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे ‘कोकण हरिता’ शिराळे, ‘कोकण तारा’ कारले आणि ‘कोकण सदाबहार’ चवळी हे आपल्या हवेसाठीच काढलेले वाण आहेत.

आता पाणी. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. एप्रिलमध्ये भरात आलेल्या भाजीला दिवसाला साधारण ५ मिलिमीटर लागते, म्हणजे गुंठ्याला सुमारे ५०० लिटर. हे पहाटे द्या. हलकी, मुरमाड जमीन असेल तर निम्मे पहाटे, निम्मे संध्याकाळी. चार दिवस कोरडे ठेवून पाचव्या दिवशी वाफा तुडुंब भरला, तर काकडी कडू होते आणि उशिरापर्यंत राहिलेल्या टोमॅटोची बुडे काळी पडतात. ठिबक नसेल तर ८-१० लिटरचे, न रंगवलेले, भाजलेल्या मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरा, तोंडावर झाकण ठेवा आणि भोवती वीतभर अंतरावर वेल लावा. रंग किंवा चकाकी दिलेले मडके झिरपत नाही. मडके अर्धे झाले की भरा. पूर्ण रिकामे होऊ देऊ नका.

खाडीकाठच्या मळ्यांनी पुढचे नीट वाचावे, कारण इथे नुकसान सर्वात जास्त होते. पाने कडेने करपणे हे पुष्कळदा उन्हाचे नव्हे, मचूळ पाण्याचे लक्षण असते. बोअरचा उपसा वाढला की खाडीचे पाणी आत ओढले जाते. म्हणून डिसेंबरात गोड लागणारे पाणी मेमध्ये खारे होते. पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे त्यातल्या क्षाराचे माप, एप्रिल-मेमध्ये तपासा. फरसबीचे उत्पन्न ०.७ डेसीसायमन प्रति मीटरच्या पुढे घटू लागते, मिरचीचे १ च्या पुढे, काकडीचे १.७ च्या पुढे. चवळी ३ पर्यंत तग धरते. अशा मचूळ पाण्यावर फरसबी लावण्याचा हट्ट धरू नये.

इस्रायलच्या नेगेव वाळवंटात ठिबकवर मचूळ पाणीही वापरतात, पण त्यामागे शिस्त आहे. ड्रिपरखालची ओल सुकू देत नाहीत, त्यामुळे क्षार ओलाव्याच्या कडेला जमतात आणि मुळे मध्ये सुरक्षित राहतात. ती पांढरी कड तुम्हालाही दिसेल. वळवाची हलकी सर आली की तोच क्षार विरघळून मुळांकडे येतो आणि हिरवेगार पीक दोन दिवसांत मान टाकते. म्हणून हलक्या पावसात ठिबक बंद करू नका, चालूच ठेवा. महिन्यातून एकदा नेहमीच्या दीडपट-दुप्पट पाणी देऊन क्षार खाली ढकला. त्यासाठी पाण्याला निचऱ्याची वाट हवी. आपले भाग्य असे की जून-जुलैचा पाऊस उरलेले मीठ धुऊन नेतो, वाळवंटाला ती सोय नाही.

आच्छादनाला भाताचा पेंढा किंवा पालापाचोळा ५ ते ७ सेंटिमीटर जाड पसरा, खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवा. राबासाठी (भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी) जो पाला जाळता, त्यातला थोडा तरी इथे वापरा. वाळवी दिसली तर आच्छादन उचलून जमीन उघडी करा.

सावलीसाठी फळभाजीवर ३५ टक्क्यांची आणि रोपवाटिका व पालेभाजीवर ५० टक्क्यांची जाळी लावा. ती निदान सात-आठ फुटांवर ताणा, म्हणजे वारा खेळेल. गच्चीवर काळ्या पिशव्या सिमेंटवर थेट ठेवल्या की मुळेच भाजतात: विटांवर ठेवा, पश्चिमेची बाजू गोणपाटाने झाका.

आणि दोन गोष्टी टाळा. पॅड-पंख्याचे गारवागृह, म्हणजे ओल्या पॅडमधून पंख्याने हवा ओढून गार ठेवलेले हरितगृह, जोधपूरच्या कोरड्या हवेत उपयोगी ठरते. खाडीजवळच्या दमट हवेत पाणी नीट उडत नाही, म्हणून तापमान जेमतेम काही अंश उतरते आणि वीजबिल तेवढे येते. संध्याकाळी पानांवर फवारे मारू नका, वेलवर्गीय भाज्यांवर केवडा रोग वाढतो. पाणी साठवणारे खोलगट वाफे उन्हाळ्यापुरतेच ठेवा. मेअखेर ते मोडून गादीवाफे करा आणि जाळी उतरवून ठेवा.