गोव्याहून मुद्दाम अजिंठ्याला जावं का? चित्रं धड उरलीयत का?

नक्की जा. तुम्हाला कोणीतरी सांगितलंय ना की चित्रं सगळी गेली, आता नुसते पोपडे बघायला मिळतात, ते अर्धंच खरं आहे आणि मी तर म्हणेन ते पोपडेसुद्धा नीट बघा.

मी डिचोलीचा. आमच्याकडे चिऱ्याच्या भिंतींना दर चवथीआधी रंग मारायचा, पावसात ओल धरली की दोन वर्षांत सगळं फुगून खाली. त्यामुळे १७ नंबरच्या लेण्यात गिलावा तुटलेल्या जागी मी वाकून बघितलं तर मातीत चक्क भाताचं तूस, दाणा नसलेलं नुसतं टरफल, जसंच्या तसं! दीड हजार वर्षांपूर्वी कोणाच्या तरी शेतात पिकलेला भात तो, मला तिथून हलवेना.

म्हणजे बसाल्टची भिंत छिन्नीने खडबडीतच ठेवायची, त्यावर माती, तूस, गवत कालवून लिंपायचं, वर चुन्याचा पातळ हात आणि तो सुकल्यावर सरस घातलेले रंग. लोक फ्रेस्को म्हणतात पण हे ओल्या गिलाव्यावरचं काम नाही. गेरू, काजळी, हिरवी माती इथलीच, निळा लाजवर्द मात्र थेट अफगाणिस्तानकडचा, तो नंतरच्या म्हणजे ५व्या शतकातल्या, वाकाटक राजा हरिषेणाच्या वेळच्या चित्रांत दिसतो. ९ आणि १० नंबरमधली सगळ्यात जुनी चित्रं सातवाहन काळातली, इसवीसनाच्याही आधीची.

वाईट याचं वाटतं की पाणी आणि वटवाघळं सोसून जे टिकलं त्याला माणसाने हात लावला. १० नंबरमध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ ला आपलं नाव कोरलंय, तेही रंगवलेल्या आकृतीवर. मग १९२०च्या सुमारास निझामाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चांगल्या हेतूने चपड्याचं, म्हणजे लाखेचं वार्निश दिलं आणि ते पिवळं पडून चित्रं झाकोळली, पुढे पुरातत्त्व खात्याला ते काढत बसावं लागलं.

सोमवारी बंद असतं, तेवढं बघून तिकीट काढा. पद्मपाणीचं, म्हणजे हातात कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाचं चित्र १ नंबरमध्ये आहे, सकाळी गेट उघडल्या उघडल्या तिथेच जा म्हणजे गर्दीआधी निवांत बघता येईल. आणि आत शिरल्या शिरल्या मोबाईल काढू नका, पाच मिनिटं अंधारात नुसते उभे राहा, मग २ नंबरमधले ते रांगेतले हंस एकेक करून दिसायला लागतात.